परसात घर बांधताय? आधी काकूला विचारा!

गणपतीला गावी जाऊन आलेल्या कोणालाही हे चित्र नवीन नाही. माजघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या सतरंज्या, एकाच प्लगला लागलेले पाच चार्जर, ओटीवर बॅगांचा ढीग आणि सकाळी सहाला न्हाणीबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभी असलेली रांग. विसर्जन होतं, परतीच्या गाडीत जागा मिळते आणि पनवेल यायच्या आत फॅमिली ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘पुढच्या वर्षीपर्यंत परसात दोन-तीन खोल्या टाकून घेऊ या का?’ त्यावर धडाधड अंगठे पडतात. आठवड्याभरात सिव्हिल करणारा चुलतभाऊ थ्रीडी प्लॅन टाकतो. तीन बेडरूम, तिन्हींना अटॅच्ड बाथरूम, वर सपाट गच्ची, समोर झोपाळा. मग टाइल्सच्या रंगावर चर्चा सुरू होते.

तुमच्या घरी हे झालं नसेल तर लवकरच होईल. कोकणातल्या कितीतरी घरांमागे अशी पाहुण्यांसाठीची घरं उभी राहिली आहेत, राहत आहेत. आमच्या घरी हा विषय सध्या ऐन रंगात आलाय. मला ही कल्पना मनापासून आवडते आणि म्हणूनच वाटतं, की आपण सगळे ती उलट्या टोकाने सुरू करतो. आधी खोल्या, मग पैसे, मग कागद आणि सगळ्यात शेवटी, आठवलंच तर, गावच्या घरात वर्षभर राहणारं माणूस. हा क्रम बदलायला हवा. आणि तो बदलायला आपणच, म्हणजे कॉलेजात शिकणारी पोरं, सगळ्यात योग्य आहोत.

खोल्या हव्यात, यात वाद नाही

जुनं घर बांधलं तेव्हाचा हिशोब वेगळा होता. आमचंच सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातलं चिऱ्याचं कौलारू घर. ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. आजी-आजोबा आणि त्यांची चार मुलं एवढ्यांना ते ऐसपैस होतं. आज गणपतीला आजी धरून तेवीस माणसं जमतात. ताईला तान्हं बाळ आहे, तिला रात्री तीनदा उठावं लागतं. नवीन लग्न झालेल्या वहिनीला साडी बदलायला दार लागेल अशी जागा हवी असते. सासरहून आलेल्या आत्याला दुपारी पाठ टेकायची असते. ‘आमच्या वेळी आम्ही चाळीस माणसं राहायचो’ हे मोठ्यांचं वाक्य खरं असेलही, पण त्या चाळिसांतल्या बायका कुठे झोपायच्या हे विचारलं की उत्तर येतं, ‘स्वयंपाकघरात’.

जुन्या घराला धक्का न लावता मागे वेगळं काहीतरी बांधणं हा तसा शहाणपणाचा विचार आहे. जुनं पाडून स्लॅबचा बंगला उठवण्यापेक्षा तर नक्कीच. ओटी राहते, देवघर जागच्या जागी राहतं आणि माणसांची सोय होते. तेव्हा बांधायचं की नाही यावर मी वेळ घालवणार नाही. प्रश्न आहे कोणाला विचारून आणि कोणत्या हिशोबाने बांधायचं हा.

ग्रुपमध्ये नसलेला मेंबर

आमच्या ग्रुपवर या प्लॅनवर शेकडो मेसेज पडले. ठाण्याचे मोठे काका, पुण्याची आत्या, आम्ही सगळी भावंडं, अगदी दुबईत नोकरीला असलेला दादासुद्धा बोलला. गावच्या घरात धाकटे काका, काकू आणि आजी राहतात. काका ग्रुपमध्ये आहेत, पण ते ‘ओके’च्या पुढे जात नाहीत. काकू ग्रुपमध्येच नाही. म्हणजे जिच्या मागच्या दारात हे घर उभं राहणार, तिला सोडून सगळ्या घराने मत दिलं होतं.

मी तिला फोन करून विचारलं, ‘काकू, तुला काय वाटतं?’ ती आधी हसली. मग म्हणाली, ‘बांधा गं, चांगलंच आहे. फक्त तीन बाथरूम कोण घासणार ते पण प्लॅनमध्ये लिहा.’

त्यानंतर ती वीस मिनिटं बोलली आणि त्या वीस मिनिटांत मला त्या थ्रीडी प्लॅनपेक्षा जास्त कळलं. तिला काय हवंय? तेवीस माणसांची भांडी उकिडवं बसून घासावी लागू नयेत म्हणून मागच्या दारी छपराखाली कमरेइतक्या उंचीचा ओटा आणि दोन मोठी सिंक. गणपतीत मोदकांचे मोठे टोप चढवायला बाहेर एक वेगळी चूल किंवा गॅसची जागा, म्हणजे सगळ्यांनी एका स्वयंपाकघरात एकमेकींच्या अंगावर पडायला नको. श्रावण-भाद्रपदात ओले कपडे वाळत घालायला छप्पर. पाण्याची जादा टाकी, कारण माणसं आली की पंप दिवसातून चारदा चालवावा लागतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. आणि परसातली सरपणाची खोप आहे तिथेच राहू दे, कारण पावसात लाकूड आणायला लांब जाणं नको.

यातलं एकही काम आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं. प्लॅनमध्ये झोपाळा होता.

इथे चुलतभावाला नावं ठेवायची नाहीत. त्याला जसं सांगितलं तसं त्याने काढलं. आपण गावी पाहुणे म्हणून जातो, त्यामुळे आपल्याला पाहुण्याच्या अडचणी दिसतात. झोपायला जागा नाही, चार्जिंग नाही, बाथरूमला रांग. यजमानाच्या अडचणी दिसायला यजमानाच्या जागी उभं राहावं लागतं आणि तेवढं जमत नसेल तर निदान फोन करावा लागतो.

वर्षाचे तीनशेचाळीस दिवस

आता एक साधं गणित करू. तुमच्या घराचे आकडे घालून तुम्हीही करा. गणपतीत सात दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात दहा-बारा आणि मध्ये एखादं लग्न किंवा कार्य. आमच्याकडे हे सगळं मिळून वर्षाला पंचवीसेक दिवस होतात. उरलेले तीनशेचाळीस दिवस ते घर बंद.

कोकणात बंद घर म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्याला विचारा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडणारा हा पट्टा आहे आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. बंद खोलीतल्या गाद्यांना बुरशी येते, कपाटाची प्लायवूड फुगते, दारं चौकटीत बसेनाशी होतात, वाळवी लागते. म्हणून खिडक्या अधूनमधून उघडाव्या लागतात, गाद्या उन्हात टाकाव्या लागतात, उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो. हे कोण करणार? पुन्हा काकूच. आपण पंचवीस दिवसांची सोय केली असं समजतो, तिला मात्र उरलेल्या तीनशेचाळीस दिवसांचं काम लागतं.

मग यावर उपाय काय? तीन बंद बेडरूमऐवजी एक मोठी हवेशीर खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, लागेल तेव्हा मधोमध सरकवता येईल असा आडोसा आणि लेकुरवाळ्या किंवा आजारी माणसासाठी एक लहान खोली. गाद्यांपेक्षा गुंडाळून वर टांगता येतील अशा सतरंज्या आणि चटया. अटॅच्ड तीन बाथरूमपेक्षा बाहेरून दार असलेली दोन न्हाणी आणि दोन संडास, म्हणजे जुन्या घरातल्या माणसांनाही ते रोज वापरता येतील. आणि सपाट गच्चीऐवजी उतरतं छप्पर. आपल्या आजोबा-पणजोबांनी कौलं उगाच नाही घातली. एवढा पाऊस सपाट स्लॅबवर थांबला की पाचेक वर्षांत गळती सुरू होते आणि मग त्या स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. गावोगाव हे दिसतंच. आधीच उतरतं छप्पर घातलं तर तो दुहेरी खर्च वाचतो.

मोठ्या खोलीचा आणखी एक फायदा. उरलेल्या दिवसांत तिचा काहीतरी उपयोग होतो. काकू आणि शेजारच्या बायका मे महिन्यात आंब्याची साठं, फणसाचे पापड, कोकमं करतात. तेव्हा एक कोरडी, माशा न येणारी, मोठी खोली त्यांना सोन्यासारखी वाटेल. बेडरूममध्ये साठं कोण घालणार?

विहीर, संडास आणि आजीचा गुडघा

काही गोष्टी अशा आहेत, की त्या चुकल्या तर नंतर निस्तरता येत नाहीत. पहिली म्हणजे संडासाची टाकी. परसात बांधायचं म्हटलं की जागा असते ती बहुतेकदा विहिरीच्या आसपासच. सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि विहीर यांच्यात निदान पन्नास फूट अंतर हवं, जितकं जास्त तितकं बरं, आणि टाकी विहिरीच्या उताराच्या बाजूला हवी, चढाच्या नाही. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झरझर पाझरतं. पावसाळ्यात भूजल वर येतं तेव्हा ही काळजी दुप्पट. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे तेही मोजा, कारण कुंपण जमिनीच्या वर असतं, खाली नसतं.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी मात्र टाकीत सोडायची गरज नाही. ते केळींना, माडाला, अळवाला जाऊ द्या. गावात हे पूर्वीपासून असंच आहे. नव्या घराच्या नादात पाइप टाकून सगळंच पाणी एका टाकीत घातलं, तर गणपतीच्या पाचव्या दिवशी टाकी भरून वाहायला लागते.

दुसरी गोष्ट आजीची. आमच्या आजीचे दोन्ही गुडघे गेलेत. जुन्या घराला तीन पायऱ्या आणि उंच उंबरा, उंबऱ्यापलीकडे भारतीय संडास, तोही अंगण ओलांडून. नवं घर बांधताना तिच्यासाठी काही करता येत असेल तर तेच आधी करायला हवं. ते फार महागही नाही. जोतं फूटभर उंच असेल तर बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो, म्हणजे एकास बारा उतार. दार तीन फूट रुंद, एक कमोड, त्याच्या बाजूला धरायला दांडा आणि जुन्या घरापासून नव्यापर्यंत छप्पर असलेली, न घसरणारी, रात्री दिवा असलेली वाट. हे आत्ता आखलं तर खर्चात फारसा फरक पडत नाही. नंतर करायचं म्हटलं तर फोडाफोडी आलीच.

आणि हे फक्त आजीपुरतं नाही. आपले आई-बाबा निवृत्त झाले की ‘आता गावी जाऊन राहू’ असं म्हणणार आहेत. काहींचे म्हणायला लागलेही असतील. तेव्हा हे ‘पाहुण्यांचं’ घर त्यांचं कायमचं घर होऊ शकतं. तुमच्या घरी तशी शक्यता असेल तर ती आत्ताच मोकळेपणाने बोला. सुट्टीचं घर आणि म्हातारपणाचं घर यांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण बोलायलाच हवी. आमच्याकडे प्लॅनवर चर्चा चालू असताना एका काकांनी सहज म्हटलं, ‘बायकांना त्या चार दिवसांत बसायलाही मागची खोली बरी पडेल.’ वाईट हेतूने नाही, सोय म्हणूनच म्हणाले. पण नवीन घराचा पहिला उपयोग हा ठरणार असेल, तर आपण विटा-सिमेंट वापरून एक जुनी भिंत पुन्हा बांधतोय. तुमच्या घरी असं कोणी बोललं तर तिथेच थांबवा. भांडू नका, पण गप्पही बसू नका. मुलग्यांनो, हे तुम्ही बोललात तर जास्त ऐकलं जाईल, दुर्दैवाने.

घरात कागद कशाला?

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती इथे. ‘आपल्या-आपल्यात कागद कशाला?’ मोठ्यांचं हे वाक्य प्रेमाचं असतं, पण पुढच्या पिढीच्या भांडणांची पायाभरणीही तिथेच होते.

आधी सातबारा बघा. महाभूमीच्या साइटवर तो दिसतो आणि डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. एका चित्रपटाच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. कोकणातल्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या भावांच्या वारसांचीही नावं असतात. काही मुंबईत, काही बडोद्यात, काहींचा पत्ताच नाही. जमीन सामाईक असेल तर एकाने पैसे घालून वर घर बांधलं म्हणून ती जागा त्याची एकट्याची होत नाही. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे यावरूनही मालकी ठरत नाही. ती कर भरल्याची नोंद आहे, मालकीचा दाखला नाही.

आणि आत्या? तिला विचारलंत का? २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही. आधीच रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. पण तशी झाली नसेल तर आत्याला फक्त ‘माहेरवाशीण’ म्हणून नव्या घरात एक खोली देणं पुरेसं नाही. निर्णयाच्या वेळी तिला खुर्ची द्यायला हवी. बऱ्याच घरांत आत्याकडून पैसे घेताना ती घरची असते आणि सही घेताना ती परक्या घरची होते.

मग परवानगी. घर गावठाणात आहे की बाहेर, यावर बरंच काही ठरतं. गावठाणात ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. शेतजमिनीवर घर बांधायचं असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. गाव समुद्राकाठी असेल तर भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागू होतात. खाडीकाठी असेल तर तिथलीही मर्यादा विचारून घ्या. तलाठी आणि ग्रामपंचायत या दोन्ही ठिकाणी बांधायच्या आधी एक चक्कर मारली, तर नंतरच्या दहा चकरा वाचतात.

आणि शेवटी घरातला साधा करार. दोन पानं पुरतात. कोणी किती पैसे घातले. वीजबिल, दुरुस्ती, साफसफाई यांचे पैसे दरवर्षी कोण किती देणार. कोणाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या वाट्याचं काय. गणपतीत कोणती खोली कोणाला, हे आधी ठरवणार की ‘जो पहिला येईल त्याची’. कोणाला हे फार कोरडं वाटेल. पण ज्यांच्या घरी दोन भावांनी एकाच ओटीवर मध्ये पडदी घातली आहे, त्यांना विचारा कोरडं काय असतं ते.

‘मग भाड्यानेच देऊ या’

हिशोब ऐकून झाला की घरातला एखादा हुशार दादा म्हणतो, ‘उरलेले तीनशेचाळीस दिवस होमस्टे करू! निवास व न्याहारी योजनाही आहे.’ कल्पना वाईट नाही. कोकणात कितीतरी कुटुंबं यावर चांगली उभी राहिली आहेत. पण तोच प्रश्न पुन्हा येतो. पर्यटकांच्या चादरी कोण धुणार, घावणे कोण घालणार, रात्री अकराला आलेल्या गाडीसाठी दार कोण उघडणार? काका-काकूंना हा धंदा स्वतःहून करायचा असेल, त्याचे पैसे त्यांच्या खात्यात जाणार असतील आणि हवं तेव्हा ‘यंदा नको’ म्हणायची मुभा त्यांना असेल, तर बिनधास्त करा. ठाण्यात बसून बुकिंग घ्यायचं आणि काकूने राबायचं, असं असेल तर त्याला फॅमिली बिझनेस म्हणू नका.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘एवढं विचारत बसलो तर पहिला चिराच बसणार नाही.’ मान्य. तेवीस माणसांचं एकमत व्हायची वाट बघितली तर आजीला कमोड कधीच मिळणार नाही. म्हणूनच माझं म्हणणं, सगळं एकदम करू नका. पहिल्या वर्षी दोन संडास, दोन न्हाणी, पाण्याची टाकी, भांड्यांचा ओटा आणि आजीची वाट. एवढ्यानेच गणपतीतला निम्मा त्रास संपतो आणि वर्षभर राहणाऱ्यांना रोजचा उपयोग होतो. त्या वर्षभरात कागद पुरे करा. मग दुसऱ्या वर्षी, पैसे आणि इच्छा दोन्ही शिल्लक असतील तर, मोठी खोली. काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे चिरा-सिमेंटच्या कामाला लागणारं पाणी विहिरीत असतं. एप्रिल-मेमध्ये काम काढलं, की प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना भिंतींवर पाणी मारायची वेळ येते. आणि ते पाणी कोण मारणार हे आता तुम्हाला विचारायची गरज नाही.

आपण काय करायचं?

‘आमच्याकडे ना पैसे ना सातबाऱ्यावर नाव, आमचं कोण ऐकणार?’ असं वाटू शकतं. पण बघा, आपल्याकडे वेळ आहे, फोन आहे आणि दोन्ही बाजूंशी बोलायची मोकळीक आहे. मोठे काका धाकट्या काकांशी पैशांबद्दल बोलताना अवघडतात. आई काकूला कामाबद्दल विचारताना अवघडते, कारण चार दिवसांनी तिला मुंबईला परतायचं असतं. पुतणी किंवा पुतण्याला हे अवघडलेपण नसतं. आपण विचारलं तर ‘मुलं विचारतायत’ म्हणून उत्तर मिळतं.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा चार कामं करा. परसात टेप घेऊन फिरा आणि विहीर, झाडं, गोठा, कुंपण यांची अंतरं कागदावर उतरवा. भर पावसात जाणं झालं तर पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं याचा व्हिडिओ काढा. कोणत्याही थ्रीडी प्लॅनपेक्षा गवंड्याला त्याचा जास्त उपयोग होईल. सातबारा काढून त्यावरची नावं मोठ्यांकडून समजून घ्या, कोण कोणाचं ते लिहून ठेवा. आजीला आठवतंय तोवर हे करून घ्या. चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, काकूसोबत एक पूर्ण दिवस मागच्या दारी काढा. भांडी घासा, पाणी भरा, नारळ सोला. संध्याकाळी तिला विचारा, इथे काय हवं? ती जे सांगेल ते प्लॅनच्या पहिल्या ओळीत लिहा.

आणि हो, घर बांधून झाल्यावरही हा हिशोब संपत नाही. तेवीस माणसांत आठ पोरंपोरी असतील तर रोज दोघांनी भांडी आणि दोघांनी संडास-बाथरूम, मुलगेसुद्धा. ही पाळी गणपतीच्या आधी ग्रुपवर टाका, आरत्यांच्या पीडीएफच्या खालीच.

आमच्या ग्रुपमध्ये गेल्या आठवड्यात काकूला घेतलं. तिचा पहिला मेसेज होता तो एका फोटोचा. परसातल्या एका कोपऱ्यात तिने चुन्याने चौकोन आखला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘टाकी इथे नको, इथे पाणी साचतं.’ सिव्हिलवाल्या भावाने प्लॅन बदलायला घेतलाय. टाइल्सचा रंग अजून ठरलेला नाही आणि सध्या तरी त्याची कोणाला घाई नाही.